सगळ्यांची डॉक्टरबाई

९ सप्टेंबर १९९०, रविवार

सकाळी ओटमारबरोबर अळंब्या गोळा करायला गेले होते. टोपली अर्धीसुद्धा भरली नाही. जंगल कोरडं होतं आणि आम्ही दोघं खाली बघायचं सोडून बोलतच होतो.

विषय एकच, नोव्हेंबरातली नगरपालिकेची निवडणूक. गेल्या वर्षी याच सुमाराला लिपनेकमध्ये कुणी नुसता 'निवडणूक' असा शब्द उच्चारला असता तर लोक हसले असते. मग नोव्हेंबर आला, प्रागमध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि माझ्या दवाखान्यात, जिथे लोक मांजरं-कुत्री मांडीवर घेऊन बसतात त्या बाकांवर, आमचा नागरी मंच सुरू झाला. गावात तेवढी एकच गरम खोली होती जिच्यावर कुणाला संशय येत नव्हता. पहिलं पत्रक ओटमारने लिहिलं. टाइप मी केलं.

आज तो म्हणाला, "आता मंच पुरायचा नाही, हेडविका. त्यात कॅथलिक आहेत, कारखाने विकायला निघालेले आहेत, माझ्यासारखे जुने समाजवादी आहेत. प्रत्येकाने आपापलं दार करून घेतलेलं बरं."

मी म्हटलं, "पक्ष कशाला हवेत? चाळीस वर्षं पुरे नाही झाली? गावच्या गटाराला डावं-उजवं असतं का?"

"गटाराला नसतं. पण ते कुणाच्या घराखालून न्यायचं हे ठरवायची वेळ आली की लागतं."

तो हसला. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं एका पक्षाने आमची मान धरली, आणि आता सुटल्यावर आम्ही काय करणार, तर अजून वीस पक्ष काढणार. मंच म्हणजे साधी चांगली माणसं एकत्र बसणं. एवढं पुरत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

घरी येऊन उगाच सगळी कपाटं आवरली.

२० सप्टेंबर, गुरुवार

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बैठक. राडोवान शिंडेलार उभा राहिला. डेअरीतला इंजिनियर, तिशीचा, उन्हाळ्यात म्युनिकला महिनाभर शिकून आलेला. पडद्यावर आकृत्या दाखवत बोलतो. बोलणं मुद्देसूद आहे हे मान्य करायला हवं. त्याची सूचना अशी की मंचाच्या यादीत असा एकही उमेदवार नको जो कधी काळी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता. "कधीही" या शब्दावर त्याने जोर दिला.

रोख कुणावर आहे ते हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. ओटमार सदस्य होता. सत्तर साली त्याला 'अडुसष्टमध्ये परके रणगाडे मदतीला आले' असं लिहून द्यायला सांगितलं, त्याने दिलं नाही. पक्षातून काढला, शाळेतून काढला. गणिताचा शिक्षक एकोणीस वर्षं डेअरीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकत होता. या वसंतात त्याला शाळेत परत घेतलं.

ओटमार खिशातल्या चाकूने सफरचंद सोलत बसला होता.

वातावरण तापायला लागलं तेव्हा मी उठले. म्हटलं, असं घाईने नको, एक समिती नेमू, दोन्ही बाजूंची माणसं घेऊ, शांतपणे ठरवू. टाळ्या पडल्या. अध्यक्ष मलाच केलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. बैठक मोडली नाही ती माझ्यामुळे.

घरी अलोइस रेडिओ उघडून बसला होता. माझा नवरा बैठकांना येत नाही. त्याला सगळं सांगितलं.

"आणि ओटमार काय म्हणाला?"

"काहीच नाही. त्याला पटलं असणार."

"हं," म्हणाला आणि परत तारांमध्ये डोकं घातलं. कधी कधी या माणसाच्या 'हं'चा फार राग येतो.

२६ सप्टेंबर, बुधवार

पहाटेपासून सहकारी गोठ्यात. वासरू उलटं होतं, दोघांनी ओढून काढलं, जगलं. हात खांद्यापर्यंत दुखतोय.

बाहेर आले तर राडोवान गाडी घेऊन उभा. म्हणाला, इकडून जातच होतो, सोडतो. गोठा त्याच्या रस्त्यावर नाही, पण चांगला वागतो पोरगा. माझ्या बुटांना शेण होतं तरी आग्रहाने पुढे बसवलं.

"डॉक्टरबाई, एक विचारू? नगराध्यक्ष कोण व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

"ते निवडून आलेले ठरवतील."

"मला विचाराल तर तुम्ही. ओटमारसाहेब हुशार आहेत, पण ते अर्ध्या गावाचे. तुम्ही सगळ्यांच्या आहात. तुमचं कुणाशी वाकडं नाही."

मी स्पष्ट सांगितलं की मला रस नाही, माझी जनावरं बरी. तो म्हणाला, म्हणूनच तुम्ही.

मग त्याने गिरणीजवळच्या पाळणाघराचा विषय काढला. जुनी दगडी इमारत, चौकाच्या जवळ. एक ऑस्ट्रियन कंपनी हॉटेलसाठी ती मागते आहे. डेअरीतल्या बायकांची पोरं तिथे असतात, त्यांचं काय, मी विचारलं. "बघू की काहीतरी," म्हणाला. अजून काही पक्कं नाही म्हणे.

नगरपालिकेवरून गेलो तेव्हा लक्षात आलं, वरच्या मजल्याच्या खिडक्यांना वर्षानुवर्षं कुणी पाणी लावलेलं नाही. कुणीतरी लक्ष घालायला हवं.

४ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या समिती मत देणार. संध्याकाळी ओटमार आला. मी बटाट्याचं सूप केलं होतं, त्याला आवडतं म्हणून वाळलेल्या अळंब्या घालून.

त्याने सरळच विचारलं, "उद्या तू काय करणार?"

"मी अध्यक्ष आहे. अध्यक्षाने तटस्थ राहायचं असतं."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? समिती मी जोडली. मीच एका बाजूला गेले तर दुसरी बाजू उठून जाईल."

"उठून जाणार कोण, हेडविका? राडोवान? तो कुठे जातोय?"

मी त्याला समजावलं की हे त्याच्याबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. मंच टिकायचा तर पद्धत स्वच्छ हवी. त्याला माझ्याबद्दल शंका असती तर वाईट वाटलं असतं, पण त्याला माहीत आहे मी काय मानते ते. वीस वर्षं माहीत आहे. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला मी रडत रडत कायमच्या झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, तेव्हापासून.

सूप अर्धं ठेवून गेला. पोट बरं नसावं. कोळशाच्या धुळीने त्याची तब्येत पार गेली आहे.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

बरोबरीत मतं पडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मत दिलं नाही. ओटमारला यादीत घ्यायचा ठराव त्यामुळे पडला.

कुणी भांडलं नाही. आवाज चढला नाही. पद्धत स्वच्छ होती.

ओटमारने सगळ्यांचे आभार मानले आणि खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावून ठेवल्या. मी मदतीला गेले तर म्हणाला, "राहू दे, तुझा हात दुखतोय." लक्षात होतं त्याच्या.

झोप येणार नाही असं वाटतंय. काही कारण नाही. कॉफी जास्त झाली असेल.

१४ ऑक्टोबर, रविवार

काल प्रागमध्ये देशभरच्या मंचाला नवा अध्यक्ष मिळाला. रेडिओवर दिवसभर तेच. आता मंचाचा नीट पक्ष बनवायचा, सदस्य, शाखा, कार्यक्रम, उजवी दिशा, असा सूर आहे. मी अलोइसला म्हटलं, हे टिकणार नाही, लोकांना आता पक्ष नको आहेत. तो म्हणाला, "दूधवाल्याने काल मला विचारलं, मी कुठल्या पक्षाला मत देणार म्हणून. मंच हाही त्याने पक्षातच धरला होता."

मी म्हटलं, दूधवाल्याला काय कळतंय.

मग दोन तास कुत्र्यांचे पिंजरे घासले. स्वच्छच होते.

१७ ऑक्टोबर, बुधवार

औषधांच्या दुकानात अपोलेनाबाईंकडून कळलं, की ओटमार उभा राहतोय. सोशल डेमोक्रॅट पक्षाकडून. गावात त्या पक्षाची चार माणसं आहेत, तिघं पेन्शनवर.

माझ्या हातातली आयोडिनची बाटली काउंटरवर जरा जोरात ठेवली गेली. "पक्षाकडून? ओटमार? मला न सांगता?"

अपोलेनाबाई चष्म्यावरून बघत होत्या. त्या स्वतः कॅथलिकांच्या पीपल्स पार्टीच्या, अगदी तरुणपणापासून. "तुम्हीच त्याला पावसात उभं केलंत, डॉक्टरबाई. आता त्याने मिळेल ती छत्री उघडली तर राग येतो?"

"आम्ही कुणाला उभं केलं नाही. मतदान झालं."

"झालं ना. मी कुठे नाही म्हणते?"

मला राहवलं नाही. म्हटलं, तुमच्या पार्टीने चाळीस वर्षं कम्युनिस्टांच्या पंगतीत बसून जेवण केलं, तुम्ही मला शिकवू नका.

त्या चिडल्या नाहीत. "केलं की. सूप त्यांचं होतं, पण चमचा आमचा होता असं सांगायचं आमचं ठरलंय. ऐकायला वाईट नाही ना? तीन क्राऊन झाले."

घरी आल्यावर ओटमारला फोन करायला रिसीव्हर उचलला आणि ठेवला. त्याने आधी करायला हवा. मी कुणाला फसवलेलं नाही.

१० नोव्हेंबर, शनिवार

प्रचारसभा, सिनेमा थिएटरात. सगळे पक्ष एकाच व्यासपीठावर, मंचाचे उमेदवार म्हणून राडोवान आणि मी. ओटमार टोकाला, जुन्याच तपकिरी कोटात.

पाळणाघराचा प्रश्न निघाला. डेअरीतल्या बायका आल्या होत्या, दोन-तीन रांगा भरून. राडोवान म्हणाला, गावाकडे पैसा नाही, इमारत भाड्याने दिली तर पैसा येईल. ओटमार म्हणाला, पाळणाघर राहील, आणि त्यासाठी व्यापाऱ्यांवर कर थोडा वाढवावा लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. मागच्या बाजूला कुणी तरी शिट्टी वाजवली. त्याने नुसती मान हलवली.

मग माझी पाळी. मी म्हटलं, दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे, निवडून आल्यावर तज्ज्ञांना बोलावून, सर्वांचं ऐकून मार्ग काढू.

सहकारी शेतीचा अध्यक्ष, ज्याच्या गाई मी बघते, तो पहिल्या रांगेतून म्हणाला, "डॉक्टरबाई, त्या दिवशी वासरू उलटं होतं तेव्हा तुम्ही तज्ज्ञ नाही बोलावलेत. हात घातलात."

सगळं थिएटर हसलं. मीही हसले, दुसरं काय करणार. ओटमार मात्र हसला नाही. तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होता. माझ्या बाजूने त्याला वाईट वाटलं असावं असं आधी वाटलं. आता लिहिताना तसं वाटत नाही. काय वाटत होतं त्याला, कोण जाणे.

सोपं असतं दुसऱ्याला टोमणा मारणं. मी ज्या बाजूला हात घालीन त्याची दुसरी बाजू मला शत्रू मानेल. मग सगळ्यांचं कोण बघणार?

२५ नोव्हेंबर, रविवार

निकाल. मंच सगळ्यांत मोठा, पण बहुमताला एक जागा कमी. अपोलेनाबाईंचे काही, कम्युनिस्टांचे चार. (चार. लाज नाही लोकांना.) आणि सोशल डेमोक्रॅटांचा एकटा ओटमार. त्याला वैयक्तिक मतं माझ्याहून जास्त आहेत. त्याच्या यादीतलं दुसरं कुणी आलं नाही, लोकांनी त्याचं एकट्याचं नाव शोधून खूण केली.

दुपारी राडोवान मधाचा केक घेऊन आला. त्याच्या बायकोने केलेला. "एक हात हवाय, डॉक्टरबाई. कॅथलिक त्यांची अपोलेना पुढे करणार. राहिला ओटमार. तो दुसऱ्या कुणासाठी हात वर करणार नाही. तुमच्यासाठी करेल."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर मग मला दुसरीकडे बघावं लागेल. पण तुम्ही नको म्हणणार नाही. गावाचं काय होईल?"

अलोइसने केक खाल्ला नाही. तो गोड फार खात नाही म्हणा. पण मधाचा केक तो खातो.

२ डिसेंबर, रविवार

ओटमारकडे गेले. दोन महिन्यांनी. पायऱ्या चढताना मधल्या मजल्यावर थांबले, परत फिरावं का म्हणून.

तो वह्या तपासत होता. चहा केला, रम घातली, मला आवडते तेवढीच. मी सगळं मांडलं. राडोवानला आवर घालायचा तर मीच हवी, मी मध्ये असले तर दोन्हीकडून बोलता येईल, वगैरे. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. तो मुलांचंही असंच ऐकतो, उत्तर चुकलंय हे पहिल्या ओळीत कळलं तरी.

"पाळणाघर राहणार का?" त्याने विचारलं.

"मला आधी सगळ्यांचं ऐकावं लागेल."

"तुझं स्वतःचं मत विचारतोय."

"माझं मत इथे महत्त्वाचं नाही, ओटमार. नगराध्यक्ष सगळ्यांचा असतो."

"सगळ्यांचा असलेला माणूस शेवटी ज्याची गाडी दारात उभी असते त्याचा होतो."

मला हे फार लागलं. मी म्हटलं, तू पक्षात गेलास आणि पक्षासारखा बोलायला लागलास. माणूस राहिला नाहीस.

त्याने पेनाचं टोपण लावलं. "यादीत माझं नाव नको असं राडोवानला वाटत होतं. त्याने तसं सांगितलं. त्याचा मला राग नाही आला. तुला काय वाटत होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही."

"तुला माहीत होतं."

"नाही. मला वाटत होतं मला माहीत आहे."

चहा संपवून आले. तो माझ्यासाठी हात वर करेल की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. करेल. वीस वर्षं काही वाऱ्यावर जात नाहीत.

७ डिसेंबर, शुक्रवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

नव्या नगरपालिकेची पहिली बैठक. शपथ झाली. खिडक्यांवर तोच मळ. माझं नाव राडोवानने सुचवलं. मंचाचे हात वर झाले. अपोलेनाबाईंनी आपल्या माणसांकडे बघून मान हलवली, त्यांचे खाली. कम्युनिस्ट खाली. ओटमारचे दोन्ही हात टेबलावर होते. त्याने ते तिथेच ठेवले, आणि 'विरोधात कोण' असं विचारल्यावर त्यातला एक उचलला. माझ्याकडे बघत. नजर चोरली नाही.

मी पडले.

पाच मिनिटं विश्रांती घ्यावी असं मला वाटलं, पण राडोवान लगेच उठला. कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. मंचाच्याच दुसऱ्या एकाने त्याचं, राडोवानचं, नाव सुचवलं. मंचाचे हात वर. आणि मग कम्युनिस्टांचे चारही, शांतपणे, रांगेने, जसे ते चाळीस वर्षं करत आले. बदल्यात काय, तेही लगेच कळलं. कागदावर पुढचं नाव होतं उपाध्यक्षाचं, त्यांच्यातलं, डेअरीच्या जुन्या डायरेक्टरचं. ज्याने ओटमारला बॉयलरवर पाठवलं होतं.

कागद आधीच लिहिलेला होता. टाइप केलेला. 'कधीही सदस्य होता असा एकही नको' म्हणणारा माणूस तो वाचत होता आणि त्याचा आवाज जराही अडखळला नाही. माझं नाव फक्त करून बघायचं होतं. झालं तर मी, नाही तर हे. दोन्हीत खुर्चीच्या मागे तोच.

माझा हात कुठे होता? खाली. राडोवानच्या बाजूला वर गेला नाही. पण 'विरोधात' म्हटल्यावरही गेला नाही. ओटमार आणि अपोलेनाबाई आणि त्यांची माणसं विरोधात गेली. मी 'तटस्थ' मध्ये मोजली गेले. एकटी.

अलोइस बाहेर स्कोडामध्ये वाट बघत बसला होता. हीटर लावला.

९ डिसेंबर, रविवार

मागची पानं वाचली. वाचवत नाहीत. ४ ऑक्टोबरला ओटमारने सूप का टाकलं ते या घरात एकट्या मलाच कळलं नव्हतं. अलोइसला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं तुला कळलंय आणि तू तसं ठरवलंयस."

मी काहीच ठरवलं नव्हतं. तेच तर.

१३ जानेवारी १९९१, रविवार

प्रागमध्ये मंचाच्या परिषदेने ठरवलं, मंचाचा पक्ष होणार. ज्यांना तसं नको ते वेगळं काहीतरी काढणार. म्हणजे मी ज्याच्यासाठी ओटमारला सोडलं ते चार महिनेही उरलं नाही.

राडोवान आता नगराध्यक्ष, तरी स्वतः आला. सदस्यत्वाचा अर्ज घेऊन. "तुम्ही तर मंचाची आई, डॉक्टरबाई. पहिली सही तुमचीच."

मी अर्ज पूर्ण वाचला. मग म्हटलं, "नको. मला तुमचं पटत नाही."

"कशातलं?"

"पाळणाघर. डेअरीचा डायरेक्टर. ओटमारचं यादीतलं नाव." तिन्ही एका दमात बोलून टाकली.

तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "हे आधी कधी बोलला नाहीत." टोमणा नव्हता. खरोखरच आश्चर्य वाटलं होतं त्याला.

२४ जानेवारी, गुरुवार

पाळणाघराचा ठराव. कंपनीला दहा वर्षांसाठी द्यायचं. दुपारी एका डुकराला दोनदा तीच लस टोचणार होते, मालकाने थांबवलं.

चर्चेला कोण बोलणार म्हटल्यावर मी उठले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. बायका सकाळच्या पाळीला पाचला कामावर जातात, पोरं कुठे ठेवणार, हे बोलले. भाड्याचा पैसा कुठे जाणार हे कुणी लिहून दिलेलं नाही, हे बोलले. 'दोन्ही बाजूंनी' असं तोंडात आलं होतं, ते गिळलं. मंचाच्या, म्हणजे आता राडोवानच्या, माणसांपैकी एक जण म्हणाला, "डॉक्टरबाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" मी म्हटलं, "या ठरावाच्या विरोधात. ऐकू आलं नसेल तर परत सांगते."

'विरोधात' म्हटल्यावर मी हात वर केला, आणि मग आजूबाजूला पाहिलं. ओटमार. अपोलेनाबाई आणि त्यांचे सगळे. राडोवानच्या बाजूच्या दोघी, दोघींची नातवंडं तिथे जातात. आणि कम्युनिस्टांतली एक, डायरेक्टरच्या शेजारी बसलेली, त्याच्याकडे न बघता.

ठराव पडला. वर्षभरासाठी तरी. राडोवानने पुढचा विषय घेतला, रस्त्यावरच्या मिठाचा.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. बस थांब्यावर ओटमार उभा होता, कॉलर वर केलेली. बाजूला जाऊन उभी राहिले. ऑक्टोबरातल्या त्या मतदानाबद्दल जे बोलायचं ते मनात चार वेळा जुळवलं होतं. म्हटलं, "त्या दिवशी मी मत द्यायला हवं होतं. तुझ्या बाजूने."

"हो," तो म्हणाला. एवढंच. असू दे, जाऊ दे, असं काही नाही. मला तो तसं म्हणेल अशी आशा होती, पण म्हणाला नाही तेच बरं.

त्याने विचारलं, "मग आता कुठल्या पक्षात?"

"माहीत नाही. पण तुझ्या पक्षात नाही. तुझं ते कर वाढवायचं मला अजिबात पटत नाही. कसायाचं दुकान महिन्यात बंद पडेल, आणि अपोलेनाबाईंचंही. तू बॉयलरमध्ये होतास, तुला दुकान चालवायचं म्हणजे काय ते ठाऊक नाही."

मी एकदम थांबले. फार झालं असं वाटलं.

ओटमारने मान वळवून माझ्याकडे बघितलं, बऱ्याच महिन्यांत बघितलं नव्हतं तसं. "किती टक्क्यांना बंद पडेल?"

"काय?"

"दुकान. किती कर लावला तर चालेल आणि किती लावला तर बंद पडेल? आकडा सांग."

बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. आम्ही वाद घालत होतो. ती गेली.